एकट्याचे जेवण आणि आपली समीक्षा

मराठी समीक्षेत काही समीकरणे इतकी रुळली आहेत की त्यांची सिद्धता कुणी मागत नाही. कथेतील नायक खाणावळीतल्या कोपऱ्यात एकटा जेवायला बसला, की समीक्षक ताबडतोब 'महानगरीय एकाकीपण', 'परात्मता', 'तुटलेपण' हे शब्द हाताशी घेतो. विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत उतरवतात, परीक्षक त्यांना गुण देतात. आम्हीही ते लिहिले आहेत आणि शिकवले आहेत. टोकियोतील नूडल्सच्या दुकानांतून काही आठवडे जेवल्यानंतर मात्र या समीकरणाविषयी आम्हाला गंभीर शंका येऊ लागली. ती येथे मांडतो.

प्रथम दुकानाविषयी. रामेनचे साधे दुकान म्हणजे चिंचोळी खोली, एक लांब फळी, तिच्यासमोर आठ-दहा स्टुले आणि फळीपलीकडे उकळती पातेली. अनेक ठिकाणी दारातच एक यंत्र असते. त्यात पैसे घालावेत, हव्या त्या पदार्थाचे बटण दाबावे, चिठ्ठी घ्यावी आणि ती फळीवर ठेवावी. 'किती जण?' एवढाच काय तो प्रश्न, आणि 'एक' या उत्तराने कुणाच्या कपाळावर आठी उमटत नाही. चारजणांच्या टेबलावर एकट्याने बसल्याचा संकोच येथे संभवतच नाही, कारण चारजणांचे टेबलच नसते. वाडगा एकाचाच असतो. रश्शातल्या शेवया मिनिटागणिक फुगत जातात, त्यामुळे त्या वाढल्याबरोबर खायच्या असतात. गप्पा मारीत, एकमेकांना वाढीत, आग्रह करीत जेवण्याला हा पदार्थ मुळातच अवसर देत नाही.

आणि तरीही ही जागा नि:शब्द नसते. शेवया आवाज करीत ओढणे हा तेथे असभ्यपणा नव्हे. कढीचा भुरका घरात चालतो, चारचौघांत नको, असे आपल्याकडे बजावले जाते. तेथे चारचौघे मिळूनच भुरके मारतात. सोबाच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवयांच्या दुकानात गार शेवया संपल्यावर त्या ज्या पाण्यात उकळल्या ते गरम पाणी आणून देतात. उरलेल्या खारट रश्शात ते मिसळून प्यायचे असते. पेजेची चव जाणणाऱ्या कोकणी माणसाला याचे मर्म सांगावे लागणार नाही. निघताना गिऱ्हाईक 'गोचिसोसामा' म्हणते. अन्नासाठी कुणीतरी केलेल्या धावपळीची आठवण या शब्दाच्या मुळाशी आहे. आपल्या 'अन्नदाता सुखी भव' या उद्गाराचा हा दूरचा भाऊबंद. जो एकटा जेवतो त्याचे कुणाशीच नाते नसते, हे म्हणणे येथे टिकत नाही.

पण आमचा मुद्दा साहित्याचा आहे, आणि जपानी परंपरेने या दुकानांवर पुष्कळ लिहिले आहे. 'राकुगो' या एकपात्री कथनप्रकारात 'तोकी सोबा' ही गोष्ट प्रसिद्ध आहे. रात्रीच्या फिरत्या सोबावाल्याकडे एक लबाड गिऱ्हाईक येते. वाडगा, काड्या, रस्सा, शेवया या सर्वांची तोंड भरून स्तुती करते आणि सोळा मोन मोजताना आठव्या नाण्यावर थबकून 'आता किती वाजले?' असे विचारते. विक्रेता 'नऊ' म्हणतो आणि हे महाशय 'दहा'पासून पुढे मोजतात. एक मोन वाचतो. हे पाहणारा दुसरा एक भोळसट दुसऱ्या रात्री तोच प्रयोग करतो, पण फार लवकर जातो. जुन्या एडो पद्धतीच्या घटिकांत तेव्हा 'चार' वाजलेले असतात. तो 'पाच'पासून पुन्हा मोजू लागतो आणि जास्तच पैसे देऊन बसतो. कथक जवळच्या पंख्याची काडी करतो आणि नुसत्या आवाजाने शेवया ओढून दाखवतो. सभागृहाची खरी दाद त्या आवाजाला असते. एकटे गिऱ्हाईक आणि एकटा विक्रेता यांच्यातील हा व्यवहार विनोदाचा आहे. त्यात तुटलेपणाचा मागमूस नाही.

नात्सुमे सोसेकीची 'बोत्चान' (1906) ही कादंबरी शिक्षकांनी तर वाचलीच पाहिजे. टोकियोचा एक तरुण शिकोकू बेटावरील शाळेत गणित शिकवायला जातो. सोबा त्याच्या जिव्हाळ्याचा. एका दुकानात तो एकटाच चार वाडगे तेंपुरा-सोबा फस्त करतो. दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकतो तो फळ्यावर 'तेंपुरा मास्तर' अशी अक्षरे! पुढे शिक्षकांनी असल्या दुकानांत जाऊ नये, असा उपदेशही त्याला ऐकावा लागतो. या प्रसंगात दु:ख कोठे आहे? एकटे खाण्यात निश्चितच नाही; तेथे तो सुखात आहे. दु:ख आहे ते पाहिले जाण्यात. लहान गावाला एकट्याचे जेवण सहन होत नाही, मोठे शहर ते सहज चालवून घेते. आपल्या समीक्षेने हे नेमके उलटे शिकवले आहे.

जुझो इतामीच्या 'ताम्पोपो' (1985) या चित्रपटात रामेनचे दुकान चालवणाऱ्या विधवेला ट्रकचालक आणि इतर लोक मिळून उत्तम रामेन करायला शिकवतात. त्यात एक वृद्ध रसिक तरुणाला वाडग्याकडे कसे पाहावे, डुकराच्या मांसाच्या चकतीचा मान कसा राखावा, याचे धडे देतो. ही चहाविधीच्या गांभीर्याची थट्टा आहे आणि तीत जिव्हाळाही आहे. कुसुमी आणि तानिगुची यांच्या 'कोदोकु नो गुरुमे' या चित्रकथेचा नायक कामानिमित्त शहरभर हिंडतो आणि एकटाच जेवतो. 2012 पासून तिच्यावरील दूरचित्रवाणी मालिकाही लोकप्रिय झाली. शीर्षकातच एकटेपण आहे, पण कणव मागितलेली नाही.

आता उलट बाजूचे उदाहरण. र्योहेई कुरी यांची 'एक वाडगा काके-सोबा' ही कथा 1989 साली जपानभर गाजली. वर्षाच्या अखेरच्या रात्री एक आई दोन मुलांना घेऊन साप्पोरोच्या दुकानात येते आणि तिघांत मिळून एकच वाडगा मागते. दुकानदार न बोलता त्यात थोड्या जास्त शेवया टाकतो. देशाने डोळे पुसले. मग ती खरी घटना की रचलेली, असा वाद झाला आणि अश्रूंना थोडी लाज वाटली. कथा भावविवश आहे, हे आम्हाला मान्य आहे. परंतु तिच्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. नूडल्सच्या दुकानाच्या साहित्यात एका माणसाने एक वाडगा खाणे हे दु:ख नव्हे. तिघांनी मिळून एक वाडगा खाणे, हे दु:ख. म्हणजे दु:खाचे कारण दारिद्र्य आहे, एकटेपण नाही. आपल्याकडच्या खाणावळीच्या कथा या प्रकाशात पुन्हा वाचल्या, तर ज्याला आपण 'अस्तित्ववादी' वेदना म्हणालो त्यातील बराचसा भाग थकलेल्या महिन्याच्या पैशांचा निघेल, अशी आमची अटकळ आहे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. ज्या देशाला फेब्रुवारी 2021 मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमावा लागला आणि ज्याने त्यासाठी कायदा करून एप्रिल 2024 पासून लागू केला, त्या देशाच्या फळीवरील एकट्या माणसाचे गुणगान कशाला? स्टेशनातील सोबाच्या दुकानात लोक उभ्या उभ्या पाच मिनिटांत जेवतात, ते काही स्वातंत्र्य म्हणून नव्हे. कामाचे तास त्यांना बसू देत नाहीत. हा आक्षेप आम्ही फेटाळत नाही. नूडल्सचे दुकान एकाकीपणावरचे औषध आहे, असा आमचा दावाच नाही. दावा इतकाच, की ते एकट्या माणसाला अर्धे गिऱ्हाईक समजत नाही. ज्याच्या घरी कुणी वाट पाहत नाही आणि ज्याच्या घरी सहाजण वाट पाहत आहेत, ते दोघे शेजारी बसतात आणि कोण कोणता हे फळीवरून ओळखू येत नाही. समीक्षकालाही ते ओळखू येऊ नये. निदान संहितेत पुरावा मिळेपर्यंत तरी.

दुसरे सोपे स्पष्टीकरणही आम्हाला मान्य नाही. 'हे सारे झेन संस्कृतीमुळे', असे कुणी म्हणेल. रामेनचा इतिहास त्याच्या आड येतो. 1910 साली आसाकुसा भागात उघडलेल्या 'राईराईकेन' या गाजलेल्या दुकानात योकोहामाहून आणलेले चिनी आचारी होते. या पदार्थाला पूर्वी 'शिना सोबा' म्हणत. 'शिना' या शब्दातील तुच्छता युद्धानंतर नकोशी झाली, तसे 'चुका सोबा' आणि 'रामेन' ही नावे रूढ झाली. युद्धोत्तर टंचाईत अमेरिकी गव्हाने या शेवया तगवल्या. 1958 साली झटपट रामेन बाजारात आणणारे मोमोफुकु आंदो जन्मले होते जपानच्या ताब्यातील तैवानमध्ये. अशा पदार्थात 'अस्सल जपानी आत्मा' शोधणे व्यर्थ आहे. देशीपणाची चर्चा हिरिरीने करणाऱ्या आपल्या वाङ्मयविश्वाने हेही ध्यानात घ्यावे, की दुकानाची ही रीत कुठल्या वंशाच्या स्वभावातून आलेली नाही. ती शहराने, मजुरीने आणि टंचाईने घडवली.

मग आपण एकट्याच्या जेवणाला इतके का बिचकतो? आमच्या मते आपल्या मनातील आदर्श पंगतीचा आहे. पंगत म्हणजे सहवास, आग्रह, उखाणे. पण पंगत म्हणजे पंक्तिभेदही. कुणी कुणाच्या शेजारी बसायचे, हे पान मांडण्यापूर्वीच ठरलेले असे. अनंत हरि गद्रे यांना झुणका-भाकरीची सहभोजने घडवून आणावी लागली, यातच पंगतीची कहाणी आली. ज्या समाजात एकत्र जेवणे म्हणजे जात विचारणे होते, तेथे अनोळखी माणसाशेजारी, नाव न सांगता, एकट्याने जेवता येणे ही उणीव नसून कमाई आहे. स्त्रियांच्या बाबतीत तर विशेषच. मुंबई-पुण्याच्या जुन्या हॉटेलांतील 'फॅमिली रूम'ची पाटी आठवावी. स्त्री आली ती कुटुंबाबरोबरच, हे त्या पाटीचे गृहीतक. टोकियोतही रामेनची फळी दीर्घकाळ पुरुषांचीच मानली गेली. आज तेथे एकटी बाई निवांत वाडगा संपवून 'गोचिसोसामा' म्हणत उठते. त्या दृश्याला 'एकाकीपणाचे प्रतीक' म्हणणाऱ्याने आपला शब्दकोश तपासावा.

ही फळी अमर नाही. हजार येनांहून अधिक किंमत लावली तर गिऱ्हाईक पाठ फिरवील, या भीतीला तेथे 'हजार येनची भिंत' म्हणतात. कच्चा माल महागला, पण भिंत ओलांडण्याचे धैर्य होत नाही, या कात्रीत लहान दुकाने सापडली आहेत. जुलै 2024 मध्ये नव्या नोटा आल्या, तेव्हा जुनी चिठ्ठीयंत्रे त्या घेईनात आणि यंत्र बदलण्याचा खर्च मालकांच्या डोक्यावर बसला. स्वस्त, एकट्याचा मान राखणारी जागा शहरात आपोआप टिकत नसते.

अध्यापक मित्रांना एक विनंती. पुढल्या वेळी खाणावळीतला एकटा नायक वर्गात आला, की 'तुटलेपण' हा शब्द फळ्यावर लिहिण्याआधी विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावेत. तो काय खातो आहे? त्याचे पैसे कुणी दिले? आणि त्याच्या शेजारी कोणाला बसता येते? उत्तरे संहितेतच असतात. ती मिळाल्यावरही 'तुटलेपण' लिहावेसे वाटले, तर अवश्य लिहावे.