बोर्डावरून पुसलेली नहारी

आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडमागच्या गल्लीत एक जुनं हॉटेल आहे. आत भिंतीवर हिरव्या ऑइलपेंटने लिहिलेला भावाचा बोर्ड आहे. सगळ्यात वर ७८६, खाली खिमा, भुना, पाया, नहारी, खिरी, भेजा फ्राय. यातल्या चार ओळींवर कुणीतरी पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढलेला आहे. आता तो पट्टाही पातळ झालाय. मी मास्तर माणूस, फळ्यावरचं अर्धवट पुसलेलं वाचायची सवय आहे. पट्ट्याखालची नहारी मला स्पष्ट दिसते.

वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवणीत दर दोन-तीन महिन्यांनी ‘हरवलेल्या चवी’ येतात. इराणी हॉटेलातला ब्रुन मस्का, मावा केक, रास्पबेरी सोडा, मग कुठल्या तरी खाणावळीतली आळूची पातळभाजी. मी ते लेख आवडीने वाचतो. इराण्याचा चहा मलाही आठवतो. पण त्या यादीत खिमा-पाव येतो तेव्हा तो खिमा कशाचा होता, हे लिहिणारा कधीच सांगत नाही. आणि खिरी, नहारी, बडे का भुना यांची नावंही निघत नाहीत. हरवल्यावर ज्यांच्यासाठी हळहळायचं, त्या पदार्थांचीसुद्धा एक वरची आळी आणि एक खालची आळी असते, असं आता वाटू लागलंय.

मी २००३च्या सुमारास पुण्यात बीएड केलं. कॅम्पात राहायचो. बाबाजान चौकाच्या आसपास संध्याकाळी सिगड्या पेटायच्या. सळईवर खिरी भाजली जायची. खिरी म्हणजे जनावराची कास. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, दुधाचा हलका वास. वर कांदा, लिंबू आणि कागदात गुंडाळलेली रोटी. खिशात वीस रुपये असले तरी पोट भरायचं. मेसचा महिना संपला की आमची अर्धी बॅच तिथेच असायची, आणि त्या अर्ध्या बॅचमध्ये सगळे मुसलमान नव्हते. एक मित्र दर वेळी म्हणायचा, ‘‘खातो मी, पण गावाकडे कळू देऊ नका.’’ आम्ही कळू दिलं नाही.

नहारी मात्र पहाटेची. नळीचं आणि पिंढरीचं मांस रात्री देगेत चढवायचं, झाकण कणकेने बंद करायचं, आणि खाली विस्तव मंद ठेवून झोपायचं. फजरची नमाज पढून लोक हॉटेलात येईपर्यंत मांस बोटाने तुटेल इतकं शिजलेलं असतं, रश्शाला चिकटपणा आलेला असतो, वर लाल तेल तरंगत असतं. रकाबीत आल्याचे बारीक काप, हिरवी मिरची, लिंबू. सोबत खमिरी रोटी. हमाल, टांगेवाले, रात्रपाळीचे कामगार हे तिचे खरे गिऱ्हाईक. एकदा खाल्ली की दुपारपर्यंत भूक लागत नाही.

शब्दाचीही गंमत आहे. फारसीत ‘नहार’ म्हणजे सकाळपासून काही न खाल्लेला. उर्दूत आपण अजून ‘नहार मुँह’ दवा घेतो. आणि मराठीतली ‘न्याहारी’ याच घरातून आलेली आहे. शेतावर भाकरी घेऊन जाणारी बाई आणि पहाटे देगेचं झाकण उघडणारा बावर्ची एकच शब्द उच्चारतात. नववीच्या वर्गात हे सांगितलं तेव्हा पोरांना न्याहारी माहीत होती. नहारी मात्र पन्नासातल्या दोघांनी खाल्ली होती. बाकीच्यांनी ती यूट्यूबवर पाहिली होती, लाहोरची आणि दिल्लीची.

कायद्याबद्दल थोडक्यात. १९७६च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्याने गायीच्या कत्तलीवर बंदी होतीच. विधिमंडळाने १९९५मध्ये मंजूर केलेल्या दुरुस्तीवर मार्च २०१५मध्ये राष्ट्रपतींची मोहर उमटली आणि बैल-वळूही त्यात आले. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. म्हैस आणि रेडा या बंदीत नाहीत. म्हणजे रेड्याच्या मांसाची नहारी आजही कायदेशीर आहे. मग बोर्डावरून ती का पुसली गेली?

हॉटेलच्या चाचांना मी हाच प्रश्न विचारला. ते म्हणाले, ‘‘सर, कायद्यात चालतंय. गल्लीत चालत नाही.’’ कुणी तक्रार केली की देग उचलून नेतात, नमुना तपासायला जातो, आणि तो कशाचा होता हे कळेपर्यंत हॉटेल बंद. निकाल त्यांच्या बाजूने लागला तरी बुडालेला धंदा कोण भरून देणार? म्हणून त्यांनी पांढरा रंग आणला. कुणी सांगितलं नव्हतं, नोटीस नव्हती.

मटणाची करा, असं सुचवणारे भेटतात. मटण आज महाग आहे. त्याची नहारी हमालाला परवडेल का? आणि ‘चिकन नहारी’ नावाचा एक प्रकार हल्ली निघालाय, त्याबद्दल न बोललेलं बरं. ब्रॉयलर अर्ध्या तासात शिजतो. रात्रभर ठेवला तर देगेत फक्त हाडं आणि पश्चात्ताप उरेल. नहारी जन्माला आली ती चिवट, स्वस्त मांसासाठी. ते मांस गेलं की मसाल्याचं पाकीट उरतं.

शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ वाचलं तेव्हा मला आमची गल्ली आठवली. मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीवरचे पदार्थ, जे कुठल्या पाककृतीच्या पुस्तकात नव्हते, ते त्यांनी लिहून ठेवले. आमच्याकडे हे काम कुणी केलेलं नाही. आम्ही बिर्याणीचा अभिमान बाळगतो, कारण बिर्याणी सगळ्यांना चालते. वझडी, खिरी, पाये, दालच्यातली हाडं यांच्याबद्दल आम्ही मेजवानीत बोलत नाही.

आणि इथे मला स्वतःबद्दल सांगायला हवं. दहा-एक वर्षांपूर्वी माझी नेमणूक दुसऱ्या शाळेत होती. बकरी ईद होऊन चार दिवस झालेले. घरी भावाने आणलेल्या रेड्याच्या मांसाचा भुना होता, तो डब्यात नेला. स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने वास घेऊन सहज विचारलं, ‘‘काय आणलंय सर?’’ मी म्हणालो, ‘‘मटण.’’ त्यांनी चमचाभर घेतलं, वाहवा केली, वहिनींना सांगा म्हणाले. मला घास गिळवेना. आपण कायदा मोडला नव्हता, पण त्यांना न सांगता खाऊ घातलं होतं. खरं सांगण्याची भीती आणि खोटं सांगण्याची लाज, यात मी भीती टाळली आणि लाज पत्करली. त्या सहकाऱ्यांची मी अजून माफी मागितलेली नाही. चाचांच्या पांढऱ्या पट्ट्याला मी नावं ठेवतो तेव्हा माझा तो डबा आठवतो.

आमची तरुण पोरं नवी हॉटेलं काढतात तेव्हा शॉर्मा, मंदी, चायनीज, तंदुरी अशी कार्डं छापतात. त्यात वाईट काही नाही, पोट भरायचं आहे. पण अरबस्तानातली मंदी शिकायला जो वेळ देतो, त्यातला थोडा आजीच्या खिचड्याला, दालच्याला दिला असता तर? हे पदार्थ तर मटणाचेही होतात, त्यांना कुणी अडवलेलं नाही. त्यांची आठवण आम्ही मोहर्रमला आणि लग्नातच काढतो. सगळं खापर कायद्यावर फोडणं मला पटत नाही.

चाचा अजूनही थंडीत रविवारी पहाटे एक छोटी देग लावतात. रेड्याचं मांस, पावती जपून गल्ल्यात ठेवलेली. बोर्डावर काही नाही, ओळखीचे येतात, साडेसहापर्यंत देग रिकामी. गेल्या डिसेंबरात मी त्यांना म्हटलं, ‘‘चाचा, बोर्डावर मराठीत ‘न्याहारी’ लिहा. शब्द तोच आहे, कुणाला खटकणार नाही.’’

चाचांनी कफगीर देगेच्या काठावर आपटला. ‘‘लिखता सर. फिर लोगां पोहे मांगने कू आएंगे.’’