बिनजोड

दिवाळीच्या फराळाबरोबर वाद हा लागतोच. आमच्या घरी तो चकलीवरून सुरू होतो आणि कुस्तीवर जाऊन थांबतो. नगर जिल्ह्यातल्या घराला ते शोभतेही. (सरकारी कागदांवर २०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, आमच्या जिभेला अजून सवय व्हायची आहे.) पूर्वी हा वाद पुरुष पैलवानांपुरता असे. आता त्यात मुलीही आल्या, याचा खरे म्हणजे आम्हांला आनंदच व्हायला हवा होता. पण गेल्या भाऊबीजेला आमच्या मेहुण्यांनी लाडू फोडता फोडता जो प्रश्न टाकला, त्याने आमचे डोके फिरले.

"मला एवढंच सांगा," ते म्हणाले, "सांगलीची प्रतीक्षा बागडी मोठी, की आपल्या श्रीगोंद्याची भाग्यश्री फंड मोठी?"

झाले! अर्धे घर 'आपली' म्हणून ओरडू लागले. उरलेले अर्धे 'पहिली ती पहिली' म्हणून हटून बसले. आमचे मत विचारले, तेव्हा आम्ही सांगितले की हा प्रश्नच आम्हांला अमान्य आहे. मेहुण्यांना ही पळवाट वाटली. ती पळवाट नव्हती हे दाखवण्यासाठी एवढा कागद खर्ची घालीत आहोत.

पुरुषांसाठी महाराष्ट्र केसरीची गदा सुरू झाली १९६१ साली. मुलींच्या हाती ती यायला २०२३ चा मार्च उजाडावा लागला. मधली बासष्ट वर्षे महाराष्ट्रातल्या पोरींच्या मनगटांत जोर नव्हता, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे काय? त्या मार्चमध्ये सांगलीला प्रतीक्षा बागडी हिने कल्याणच्या वैष्णवी पाटील हिला हरवून पहिली गदा घेतली. २०२५ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला आमच्या भाग्यश्री फंड हिने कोल्हापूरच्या अमृता पुजारी हिच्यावर मात करून तो मान श्रीगोंदे तालुक्यात आणला. एवढ्याशा इतिहासावर थोर कोण आणि धाकटे कोण हे ठरवायला बसणे म्हणजे बारशालाच मुलाच्या पेन्शनीचा हिशेब मांडण्यासारखे आहे!

आणि मोजायचे ते तरी कशाने? गदांनी? मग २०२४ च्या ६ ऑगस्टला पॅरिसला काय झाले ते आठवा. जपानची युई सुसाकी आंतरराष्ट्रीय आखाड्यात तोवर एकदाही हरली नव्हती. त्या सुसाकीला विनेश फोगाटने पहिल्याच कुस्तीत, शेवटच्या काही क्षणांत, हरवले. दुसऱ्या दिवशी विनेशचे वजन शंभर ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद झाली. पदकांची वही उघडून पाहिली तर त्या स्पर्धेत विनेशच्या नावापुढे शून्य आहे, सुसाकीच्या नावापुढे कांस्यपदक आहे. मेहुण्यांच्या न्यायाने सुसाकी मोठी ठरते. ज्याने ती कुस्ती पाहिली त्याला हे सांगून पाहा!

असले वाद घालणारे केवळ आपल्याकडेच आहेत असे नाही. अमेरिकेत हिरव्या कापडाच्या टेबलावर काठीने चेंडू खिशांत लोटण्याचा पूल नावाचा खेळ आहे. त्यात जीन बालुकास नावाच्या मुलीने १९७२ ते १९७८ अशी लागोपाठ सात वर्षे यू. एस. ओपन जिंकली. पहिल्या खेपेस ती तेरा वर्षांची होती. पुढे १९९५ साली इंग्लंडहून ॲलिसन फिशर तिकडे गेली. तोवर बायकांच्या पूलमध्ये खेळणाऱ्या वाढल्या होत्या, चुरस वाढली होती. आणि त्या गर्दीतही फिशरने वर्षानुवर्षे आपला दरारा ठेवला. तेव्हापासून तिकडचे शौकीन दोघींना तराजूत घालीत आले आहेत. एक म्हणतो, बालुकासच्या समोर होतेच कोण? दुसरा म्हणतो, फिशरने सलग सात कुठे जिंकल्या? आमचे विचाराल तर, समोर कोणी नव्हते हा बालुकासचा अपराध कसा होतो? समोर जी उभी राहील तिलाच खेळाडू हरवणार. उभे करण्याचे काम इतरांचे असते, आणि त्या इतरांना कोणी जाब विचारीत नाही.

मुख्य मुद्दा हाच आहे, आणि तो आम्हांला पूलवाल्यांनी नव्हे, आमच्या पुतणीने शिकवला. ही पोर बारा वर्षांची. भावाबरोबर पहाटे उठून जोर-बैठका मारते, दुधाच्या पेल्यावरून त्याच्याशी भांडते. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावच्या यात्रेत कुस्त्यांचा हगामा होता, तिथे तिला आम्ही घेऊन गेलो. पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या सुरू झाल्या. ही केस घट्ट बांधून मैदानाच्या कडेला उभी. पंचांनी दोनदा पुकारले, "हिला जोड आहे का कुणी?" मुलगी एकही नव्हती. एक मुलगा पुढे आला, तर त्याच्या बापाने त्याचा दंड धरून मागे ओढला. जिंकला तर पोरीला हरवले म्हणून कौतुक नाही, आणि हरला तर जन्मभर गाव हसणार! शेवटी पंच भला माणूस. त्याने हिच्या हाती नारळ दिला, डोक्याला फेटा बांधला, आणि कर्ण्यावरून सांगितले, "ही आमची बिनजोड पैलवान!" टाळ्या पडल्या. घरी येईपर्यंत पोर एक शब्द बोलली नाही. नारळ तिने देवापुढे ठेवला नाही, कोपऱ्यात लोटून दिला.

बिनजोड! काय मोठा शब्द आहे! ज्याच्या तोडीचा गडी पंचक्रोशीत मिळत नाही तो बिनजोड. पुरुषाला हा शब्द सगळ्यांना लोळवल्यावर मिळतो. आमच्या पोरीला तो अंगाला माती लागण्यापूर्वीच मिळाला. गावोगाव अशा बिनजोड मुली उभ्या आहेत, आणि आम्ही फराळाच्या ताटावर शिखरावरच्या दोघींची उंची मोजीत बसलो आहोत.

भाग्यश्री फंड, कर्जत तालुक्यातल्या कापरेवाडीची सोनाली मंडलिक, अशा मुली या कोरडवाहू मुलखातून वर आल्या, हा त्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा पराक्रम आहे. जिल्ह्याने त्याचे श्रेय घाईने घेऊ नये. जिल्ह्याला अहिल्याबाईंचे नाव दिले. चौंडीच्या लेकीचा तो मान योग्यच आहे. पण तालुक्या-तालुक्यात मुलींना सरावाला गादी, शिकवायला वस्ताद, आणि हगाम्यात त्यांच्या जोडी लावण्यासाठी राखलेला तासभर वेळ, हे द्यायला काय नवा गॅझेट लागतो? फलकावर देणगीदारांच्या नावांना जागा पुरते. वजनाचा एक काटा ठेवायला मैदानात जागा नसते.

त्यातून आमच्या पुढाऱ्यांनी पुरुषांच्या कुस्तीचे काय केले ते पाहा. २०२५ च्या फेब्रुवारीत नगरला पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. त्या स्पर्धेत पंचाला लाथ बसली, अंतिम कुस्ती अर्धवट सोडून एक मल्ल मैदानाबाहेर गेला, आणि दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. दोन महिने होतात न होतात तोच मार्चमध्ये, याच जिल्ह्यात, कर्जतला दुसऱ्या गटाने दुसरी स्पर्धा भरवली, आणि वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी झाला. एक जिल्हा, एक वर्ष, दोन केसरी! दोन्ही गडी कसलेले आहेत, त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. पण दोघांत मोठा कोण हे सांगायला एकच पंच खरा असतो, तो म्हणजे दोघांची कुस्ती. नेमकी तीच आयोजकांच्या भांडणात राहून गेली. पुरुषांची तालीम मोठी आहे, दोन वाटे केले तरी प्रत्येक वाट्यात मल्ल उरतात. मुलींच्या मूठभर संख्येचे असे दोन वाटे पडले, तर दोन्हीकडे नारळ आणि फेटेच वाटावे लागतील.

मेहुणे हे सारे ऐकून घेतील अशी आमची अपेक्षा नव्हती. त्यांनी शांतपणे दुसरा लाडू घेतला आणि म्हणाले, "ते सगळं खरं, पण दोघींची कुस्ती लावली तर?"

"तर आम्ही पहिल्या रांगेत बसू," आम्ही म्हणालो, "पण तुम्ही त्या दिवशी दुपारच्या, लहान गटांच्या कुस्त्यांनाही यायचं. आम्ही कबूल करतो, तिथे रेवड्याही मिळत नाहीत."

पुतणी दाराशी उभी राहून ऐकत होती. तिला या दोघींच्या मोठेपणात काडीचा रस नव्हता. पलीकडच्या वस्तीवर कोणी एक मुलगी अलीकडे जोर काढू लागली आहे, असे तिच्या कानावर आले होते. तिने आईला हळूच विचारले, "तिचं वजन किती असेल गं?"