पोटभाडेकरू

भाड्याच्या दोन खोल्यांत उभा जन्म गेला म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या समाधानासाठी एक गोष्ट मी नेहमी सांगतो. अहो, तुम्ही स्वतःच घरमालक आहात! आणि तुमच्या पोटभाडेकरूंची संख्या आहे सुमारे ३८ लाख कोटी.

हा आकडा माझ्या पदरचा नव्हे. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २०१६ साली हिशेब मांडला. मध्यम बांध्याच्या माणसाच्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी, आणि अंगातले जिवाणू ३८ लाख कोटी. त्यांतल्या बहुतेकांचे बिऱ्हाड मोठ्या आतड्यात. सगळ्यांचे मिळून वजन मात्र अवघे २०० ग्रॅमच्या आसपास.

बरे, ही मंडळी फुकट राहतात काय? मुळीच नाही. धान्याचा कोंडा, डाळींची साले, भाजीचे तंतू असे जे आपल्याला पचत नाही, त्यावर ती गुजराण करतात. त्यातून ब्युटिरेट नावाचे एक आम्ल तयार होते आणि आतड्याच्या अस्तरातील पेशी त्यावर पोसतात. हे झाले भाडे. पण याहून मोलाची चाकरी निराळीच आहे. आपल्या प्रतिकारशक्तीची शाळा हीच मंडळी चालवतात.

प्रयोगशाळांतून काही उंदीर जन्मापासून निर्जंतुक पिंजऱ्यात, निर्जंतुक अन्नावर वाढवतात. वाटेल की अशा सोवळ्यातल्या प्राण्याची प्रकृती ठणठणीत असेल. प्रत्यक्षात त्याच्या आतड्यातील प्रतिकारयंत्रणा अर्धीकच्चीच राहते. पोटात जिवाणू सोडले, की काही आठवड्यांत ती वाढीला लागते. चोर कोण आणि शेजारी कोण, हे पहारेकऱ्याला शिकावे लागते, ते असे. शिवाय उगाच दंडुका उगारणाऱ्या पहारेकऱ्याला आवरणाऱ्या पेशीही असतात. ब्युटिरेटमुळे त्या वाढतात, असे २०१३ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले.

ही शाळा जन्मतःच भरते. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात, की त्या बाळाला पचतच नाहीत. मग निसर्गाने त्या घातल्या कशाला? बाळाच्या पोटातल्या उपकारक जिवाणूंसाठी! आई एकाच घोटात बाळालाही पाजते आणि त्याच्या पाहुण्यांनाही जेवू घालते. ओडिशातील खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक नवजात बालकांवर झालेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. काही बालकांना सात दिवस एक विशिष्ट जिवाणू, त्याच्या शिदोरीसह, पाजण्यात आला. पहिल्या दोन महिन्यांत सेप्सिस किंवा मृत्यू ओढवण्याचे प्रमाण इतर बालकांत शेकडा ९ होते. या बालकांत ते ५.४ वर आले. (याचा अर्थ तान्ह्या बाळाला कोणी घरच्या घरी काही चाटवावे, असा मात्र नव्हे!)

आता माझी खरी तक्रार. दवाखान्यात रोज ऐकू येते, "डॉक्टर, जरा जालीम औषध द्या. बंड्याची सर्दी दोन दिवसांत गेली पाहिजे." बंड्याची सर्दी विषाणूंची. ॲण्टिबायोटिक गोळी विषाणूचे केसही वाकडे करीत नाही. ती पोटात जाऊन सरसकट सगळ्यांना घराबाहेर काढते, सज्जन आणि दुर्जन हा भेद तिला नाही. मग रिकाम्या खोल्यांत कधी क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारखा गुंड शिरतो आणि जुलाबांनी माणसाला जेरीला आणतो. पुनःपुन्हा उलटणाऱ्या या दुखण्यावर ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी एक उपाय केला. तो दिवाळीच्या अंकात सांगू की नको, असा क्षणभर विचार पडला. त्यांनी निरोगी माणसाच्या विष्ठेतील जिवाणू नळीने रोग्यांच्या आतड्यात सोडले. २०१३ साली त्याचा वृत्तान्त आला. १६ पैकी १५ रोगी बरे झाले, तर नुसत्या औषधावर ठेवलेल्या १३ पैकी फक्त ४.

न्यूमोनियात किंवा विषमज्वरात ॲण्टिबायोटिक जीव वाचवते. डॉक्टरांनी दिले तर ते सांगितल्याप्रमाणे घ्यावेच. परंतु आपण होऊन मागू नये, औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नये आणि गेल्या खेपेच्या उरलेल्या गोळ्या तर मुळीच गिळू नयेत.

भाडेकरूंची बडदास्त ठेवायला खर्चही फारसा नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची उसळ, सालीची डाळ, पालेभाजी, सालासकट पेरू. दही-ताक आहेच. चकल्या-करंज्या अवश्य खा. मी तरी त्यांना नाही म्हणणार नाही! पण फराळाचे बहुतेक ताट वरच्यावरच पचून जाते. खालच्या मजल्यावरचे उपाशी राहतात. दिवाळीत आपण सगळ्यांना पोस्त देतो. या मुक्या मंडळींना पोस्त म्हणून एखादी वाटी मटकीची उसळ पुरे आहे.