मांडुळाला पेटी केवढी हवी?



या खेपेच्या डाकेत एका शेतकरी बंधूंचे पत्र आहे. नाव-गाव मुद्दाम छापत नाही. ते लिहितात, "खताचा खड्डा उपसताना तीन फुटी मांडूळ निघाले. धाकट्याने ते माठात घालून वर पाटा ठेवला आहे. रोज वाटीभर दूध देतो, पण ते तोंड लावत नाही. येत्या आठवड्यात शहरातला एक माणूस पाहायला येणार आहे. तोवर ते जगावे म्हणून पेटी केवढी करावी?"

दादा, आधी तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देतो.

आपल्या मांडुळाचा एक भाऊबंद पूर्व आफ्रिकेत आहे. अमेरिका-युरोपात लोक तो हौसेने पाळतात. नर दीड फुटाच्या आसपास, मादी दोन-अडीच फुटांची. तिकडचा साधा हिशेब असा, की पेटीची लांबी निदान सापाइतकी आणि रुंदी त्याच्या निम्मी असावी. उंचीला महत्त्व नाही, कारण हा साप चढणारा नव्हे, मातीत शिरणारा. म्हणून तळाला चार-सहा इंच भुसभुशीत माती लागते. शिवाय पेटीची एक बाजू ३२ अंशांच्या आसपास उबदार आणि दुसरी २५-२६ अंशांची, गार ठेवावी लागते.

या दोन बाजूंतच सारी मेख आहे. सापाचे अंग आपल्यासारखे आतून तापत नाही. खाल्लेले पचवायला तो उबेला जातो, अंग तापले की गारव्याला सरकतो. जागा अपुरी असली तर सगळीकडे सारखेच तापते. मग त्याने सरकायचे कुठे? तुमचा माठ असाच आहे. उन्हात सगळा तापतो, रात्री सगळा गार पडतो. आणि दूध हे सापाचे अन्नच नव्हे. त्याला उंदीर लागतात.

या हिशेबाने तुमच्या मांडुळाला तीन फूट बाय दीड फूट पेटी लागेल. पण दादा, ती करू नका. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मांडूळ पकडणे, घरात ठेवणे, विकणे हा गुन्हा आहे. येणारा माणूस वजन विचारील, गुप्तधनाच्या आणि लाखोंच्या गोष्टी सांगील. त्याच्या थापांना भुलून आजवर कोणाच्या घरी हंडा निघालेला नाही. पोलीस आणि वनखात्याचे लोक मात्र दारात येतात, आणि तेव्हा माठ ज्याच्या घरात, त्याच्या हातात बेड्या पडतात. तुमचा धाकटा अजून पोर आहे. त्याचा विचार करा.

मांडुळाला दोन तोंडे नसतात. शेपूट बोथट असते, आणि भ्याले की ते डोके वेटोळ्यात लपवून शेपूट पुढे करते, एवढेच. त्याला विष नाही. ते उंदरांच्या बिळात शिरून पिल्लांसकट उंदीर फस्त करते. गव्हात, भुईमुगात उंदीर काय नासाडी करतात हे तुम्हाला मी सांगायला नको. हा राखणदार पगार मागत नाही.

तेव्हा आजच वनरक्षकाला निरोप धाडा, किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. झाले ते खरे सांगा आणि मांडूळ कोठे सापडले ती जागा दाखवा. ते येईपर्यंत माठ सावलीत ठेवा, पाटा काढून वर जाळीदार कापड घट्ट बांधा, म्हणजे वारा लागेल. दुधाची वाटी काढून घ्या. शहरातल्या पाहुण्याला मात्र येऊ नका म्हणून कळवा.

इतर वाचकांना एक सूचना. मांडुळाच्याच कुळातली डुरक्या घोणस ठिपक्यांमुळे विषारी घोणशीसारखी दिसते. ओळखण्यात चूक झाली तर जीव जातो. म्हणून ठिपक्यांचा आखूड, जाड साप दिसला, तर डुरक्या समजून हात लावू नका. लांब उभे राहा, त्याला वाट द्या.

आणि पेटीचे म्हणाल, तर मांडुळाची पेटी आपल्या आजोबांनीच करून ठेवली आहे. तिला आपण बांध म्हणतो. एका अंगाला ऊन, दुसऱ्या अंगाला सावली, खाली भुसभुशीत माती आणि जवळच उंदरांची बिळे. तेवढा बांध कोरून शेतात घालू नका, म्हणजे झाले.