परवान्याची परीक्षा

वाचकहो, गेल्या महिन्यांत एका रविवारीं दुपारीं आमची धाकटी बहीण व तिचा मुलगा आमचे घरीं आलीं. मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, यंत्रशास्त्राचा पदवीधर, पुण्याजवळच्या एका कारखान्यांत चार वर्षें नोकरी करीत असलेला. लग्न ठरलेलें, येत्या वैशाखांत व्हावयाचें. "मामा, मी जर्मनीस जाणार," असें त्यानें बसतां बसतांच सांगितलें. बहिणीनें पिशवींतून बँकेच्या मुदतठेवीची पावती काढून आमचे पुढें ठेविली. ती ठेव म्हणजे आमचे कैलासवासी मेहुण्यांच्या सेवानिवृत्तीचा पैसा. "अण्णा, ही मोडूं का?" एवढाच तिचा प्रश्न होता.

मुलाचा बेत असा. जर्मनीनें 1 जून 2024 पासून 'ऑपॉर्च्युनिटी कार्ड' नांवाचा परवाना सुरू केला आहे. आपण त्यास संधिपत्र म्हणूं. हातीं नोकरी नसतांनाहि हें पत्र घेऊन वर्षभर त्या देशांत राहतां येतें, नोकरी शोधतां येते, आणि तोंपर्यंत आठवड्यास 20 तासांपर्यंत मिळेल तें काम करतां येतें. मात्र वर्षभराच्या निर्वाहाची सोय आहे हें आधींच दाखवावें लागतें. 2025 सालीं हा आंकडा दरमहा 1,091 युरो, म्हणजे वर्षाचे 13,092 युरो होता. रुपयांत ही रक्कम तेरा लाखांच्या आसपास जाते. पावती पिशवींतून बाहेर आली ती यासाठीं.

या पत्रास गुणपद्धति आहे, आणि गुण म्हटले कीं जुन्या शिक्षकाचे कान टवकारतात. उत्तीर्ण होण्यास 6 गुण हवेत. वय पस्तिशीच्या आंत असल्यास 2, गेल्या पांच वर्षांत निदान दोन वर्षांचा अनुभव असल्यास 2, इंग्रजी उच्च दर्जाचें असल्यास 1, जर्मन भाषेची दुसरी पायरी चढलेली असल्यास 1. मुलानें आठवडाभर ही बेरीज मांडून सहाचा आंकडा कसाबसा गांठला होता. आम्हीं विचारलें, "तुझी पदवी तिकडे मान्य आहे काय?" तें त्यानें पाहिलेंच नव्हतें! जर्मनीची 'अनाबिन' नांवाची सूची कोणासहि विनामूल्य पाहतां येते. तींत शोधतां त्याचें विद्यापीठ व पदवी, दोन्ही मान्य निघालीं. आणि ज्याची पदवी पूर्णतः मान्य, त्यास संधिपत्रासाठीं गुण मोजावेच लागत नाहींत. इतकेंच नव्हे, तर त्यास आणखी दोन वाटा मोकळ्या असतात. प्रश्नपत्रिका न वाचतां उत्तर लिहावयास बसणारे विद्यार्थी आम्हीं आयुष्यभर पाहिले. त्यांत घरच्याच एकाची भर पडली.

त्या दोन वाटांपैकीं पहिली 'ब्लू कार्डा'ची. तीस हातीं नोकरीचा करार हवा, आणि पगार ठराविक मर्यादेच्या वर हवा. 2025 सालीं ही मर्यादा वर्षास 48,300 युरो होती. ज्या व्यवसायांत माणसांची टंचाई आहे त्यांत, आणि अभियंते त्यांत येतात, ती सुमारें 43,760 युरो होती. हे आंकडे दर वर्षीं बदलतात. दुसरी वाट पदवीधर कुशल कामगाराच्या साध्या परवान्याची. तेथेंहि करार हवाच. पण पंचेचाळिशीच्या आंतील मनुष्यास अशी मोठी पगारमर्यादा नाहीं, केवळ तेथील लोकांच्या बरोबरीचा पगार मिळाला म्हणजे झालें.

आतां निवड कशी करावी? मुलाचें उत्तर तयार होतें: "मामा, जें लौकर मिळेल तें." हें उत्तर ऐकून आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती आमच्या चुकीचीच गोष्ट आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीं आमचा एक विद्यार्थी आखाती देशांत नोकरीस निघाला. नमस्कारास आला तेव्हां आम्हीं त्याच्या हातावर पेढा ठेविला, पाठ थोपटली, पण "परवाना दाखव" असें म्हटलें नाहीं. तो परवाना एकाच मालकाशीं बांधलेला होता. मालकाचें काम वर्षभरांत बंद पडलें. दुसरीकडे जाण्याची मोकळीक नव्हती. पोर कर्ज घेऊन गेला होता तो कर्ज घेऊनच परतला. त्या दिवसापासून आम्हीं मनाशीं एक नियम केला: परवान्याची परीक्षा तो मिळण्याच्या दिवशीं घेऊं नये, नोकरी जाईल त्या दिवशीं तो काय देईल, हें विचारून घ्यावी.

मग आम्हीं तिघांनीं मिळून तिन्ही वाटांस तो प्रश्न विचारला. संधिपत्राचें वर्ष संपलें आणि योग्य नोकरी मिळाली नाहीं, तर परत फिरावें लागतें. ठेव खर्ची पडलेली, वय वर्षानें वाढलेलें. शिवाय त्या पत्रावर पत्नीस सोबत नेतां येत नाहीं, असा सामान्य नियम. वैशाखांत लग्न करून ज्येष्ठांत ताटातूट, ही गोष्ट त्यानें भावी वधूस सांगितली होती काय? तो गप्प राहिला.

ब्लू कार्डाचें तसें नाहीं. पहिल्या वर्षांत नोकरी बदलल्यास कार्यालयास कळवावें लागतें, पुढें तेंहि बंधन नाहीं. नोकरी गेलीच तर, कार्ड घेऊन दोन वर्षें झालेलीं नसल्यास तीन महिने, आणि झालेलीं असल्यास सहा महिने, केवळ बेकारीसाठीं तें काढून घेऊं नये, असा युरोपीय संघाचा 2021 सालचा निर्देश आहे. पत्नीस भाषेची परीक्षा न देतां सोबत जातां येतें व कोणतीहि नोकरी करतां येते. आणि 27 महिने काम झाल्यावर अल्प जर्मनवर, किंवा तिसरी पायरी चढली असल्यास 21 महिन्यांतच, कायम वास्तव्याचा हक्क मागतां येतो. साध्या परवान्यावर त्यास तीन वर्षें लागतात.

भाषेनें सहा महिने वांचतात, हें लक्षांत घ्यावें. पुण्यांत जर्मन शिकविणारी संस्था मॅक्सम्युल्लरच्या नांवानें ओळखली जाते. त्या पंडितानें सायणभाष्यासह ऋग्वेद छापून काढला, तो जन्मानें जर्मन. पण त्याचें आयुष्य गेलें इंग्लंडांत. तोहि परदेशीं स्थायिक झालेलाच मनुष्य, आणि परकी भाषा आपलीशी केली म्हणूनच तेथें प्रतिष्ठेस चढला.

संधिपत्र वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याच्या गांठीं स्वतःची शिल्लक आहे, पाठीमागें संसार नाहीं, आणि भाषा येते, त्यास समक्ष जाऊन नोकरी शोधणें लाभाचेंहि ठरेल. पण आईच्या म्हातारपणाची ठेव ही मुलाच्या परीक्षेची फी नव्हे.

सायंकाळीं ठरलें तें असें: नोकरी न सोडतां संध्याकाळीं जर्मनचा वर्ग लावावयाचा, आणि येथूनच अर्ज करीत ब्लू कार्डाची वाट धरावयाची. वर्षभरांत जमलें नाहीं, तर संधिपत्राचा विचार स्वतःच्या शिलकेवर करावयाचा. नोकरी मिळेलच, असें कोण सांगणार? निघतांना मुलाचा चेहरा थोडा उतरलेलाच होता. बहिणीनें मात्र पावती घडी घालून पुन्हां पिशवींत ठेविली, आणि दारांतून मागें वळून म्हणाली, "अण्णा, त्याची वाट लांबली याचें मला वाईट वाटत नाहीं, असें नाहीं हो."

तिला काय उत्तर द्यावें, तें आम्हांस सुचलें नाहीं. पण वाचकहो, तुमच्या घरचा मुलगा वा मुलगी असाच परवाना घेऊन नमस्कारास आली, तर पेढा अवश्य द्यावा. मात्र त्याआधीं तो कागद एकदां हातीं घेऊन वाचावा.