ट्रेकच्या बॅगेत एक पुस्तक टाका!

शुक्रवारी शेवटचं लेक्चर संपायच्या आतच ग्रुपवर मेसेज पडतो, 'संडेला कुठे?' पाच मिनिटांत चार रील्स येतात. ज्याला सगळ्यात जास्त व्ह्यूज, ते ठिकाण फायनल. रविवारी पहाटेची लोकल पकडून, जीपमध्ये कोंबून घेऊन तुम्ही तिथे पोचता, तर तीच रील बघून आलेले आणखी शेकडो जण तुमच्या आधी हजर! हरिहरच्या पायऱ्यांवर रांग, कळसूबाईच्या शिड्यांवर रांग, धबधब्याखाली तर विचारूच नका. फोटो निघतो, स्टोरी पडते, मिसळ खाऊन सगळे घरी. सोमवारी कुणी विचारलं, 'काय बघितलंस रे?' तर उत्तर ठरलेलं, 'भारी होतं!'

थांबा, हा लेक्चरचा टोन नाही. 'कशाला जाता डोंगरात मरायला' म्हणणाऱ्या काकांच्या बाजूने मी बोलत नाहीये. आठवडाभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या पोरापोरींनी सुट्टीच्या दिवशी डोंगर चढावा यासारखी चांगली गोष्ट नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, इतकी झोप मोडून, इतके पैसे जमवून, इतका घाम गाळून आपण जातो आणि जे बघायला मिळणार होतं त्यातलं निम्मंही न बघता परत येतो. हा तोटा थांबवायचा एक सोपा आणि स्वस्त उपाय आहे. जाण्याआधी त्या जागेबद्दल काहीतरी वाचा. आणि निघताना बॅगेत एक पुस्तक टाका.

भिंतीकडे पाठ करून सेल्फी

नाणेघाटाचंच बघा. कल्याण–मुरबाड–माळशेज रस्त्यावर वैशाखरे गावाजवळ उतरायचं, जंगलातून दगडी वाट चढायची आणि वर घाटाच्या तोंडाशी एक मोठी गुहा लागते. पावसाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. लोक गुहेत बसून डबे उघडतात, भिंतीकडे पाठ करून सेल्फी काढतात.

आता ती भिंत काय आहे ते ऐका. तिच्यावर दोन हजार वर्षांहून जुना ब्राह्मी लिपीतला लेख आहे. सातवाहन राणी नागनिकेच्या काळातला. कोणते यज्ञ झाले, दक्षिणेत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण नाणी दिली, याचा अक्षरशः हिशोब त्यात आहे. त्या हिशोबासाठी कोरलेले आकडे भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत मोजले जातात. समोरच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. आज वर नावं उरलीत आणि खाली पावलांच्या खुणा. बाहेर दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून जकात घेऊन ती त्यात टाकत, असं सांगतात. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल याच वाटेने जुन्नरकडे जायचा.

म्हणजे तुम्ही ज्या पायऱ्यांवर धापा टाकत बसलात, तो त्या काळचा एक्स्प्रेस-वे होता आणि तो रांजण म्हणजे टोलनाका! हे वाचायला किती वेळ लागतो? लोकल ठाण्याहून कल्याणला पोचते, तेवढा. पण ते वाचून गेलेला माणूस गुहेत शिरल्यावर पहिल्यांदा भिंतीकडे तोंड करतो. सेल्फी तोही काढतो, पण नंतर.

ठिकाण पुस्तकाला ठरवू द्या

पुस्तकाचा दुसरा फायदा आणखी कामाचा आहे. ते तुम्हाला गर्दीतून बाहेर काढतं. अल्गोरिदम सगळ्यांना एकच जागा दाखवतो, तर पुस्तक तुम्हाला तुमची जागा शोधून देतं.

गो. नी. दांडेकर, म्हणजे गोनीदा, हे नाव शाळेच्या पुस्तकात वाचून विसरला असाल. त्यांची 'माचीवरला बुधा' ही छोटीशी कादंबरी मिळवा. मुंबईत आयुष्य काढलेला बुधा म्हातारपणी राजमाचीच्या परिसरात एकटा राहायला येतो. झाडं, पाखरं, प्राणी हेच त्याचे सोबती. बस, एवढीच गोष्ट. ती वाचा आणि मग राजमाचीला जा. लोणावळ्याहून लांबच्या वाटेने चाला, नाहीतर कर्जतकडून कोंढाणे लेणी बघत वर चढा. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले तुम्ही बघालच. पण उधेवाडीच्या बाहेर एखाद्या झाडाखाली नुसतं बसावंसं वाटेल, ते बुधामुळे.

त्यांचीच 'जैत रे जैत'. जब्बार पटेलांच्या सिनेमातली गाणी तुम्ही कॉलेजच्या गॅदरिंगला ऐकलेली असतात. ती मुळात कादंबरी आहे, डोंगरात राहणाऱ्या ठाकरांची आणि मधमाश्यांच्या राणीशी वैर धरलेल्या नाग्याची. ती वाचून पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यात जा. किल्ल्याच्या अंगठ्यासारख्या सुळक्याला लागलेली आग्या मोहोळं बघितली की, खाली उभं राहून आरडाओरडा करायची किंवा धूर करायची हिंमतच होणार नाही.

विदर्भातल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्याकडे तर खजिना आहे. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या जंगलात जाऊन राहिले आणि त्यांनी 'नागझिरा' लिहिलं. त्यांची 'सत्तांतर' ही वानरांच्या टोळीतल्या सत्तेच्या लढाईवरची कादंबरी. तिला 1983 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती वाचल्यावर जिप्सीतून जाताना 'वाघ कुठाय, वाघ कुठाय' एवढंच डोक्यात राहत नाही. रस्त्याकडेला बसलेली वानरांची टोळीसुद्धा दहा मिनिटं बघत बसावीशी वाटते. वनाधिकारी म्हणून आयुष्य जंगलात काढलेल्या मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा' किंवा 'चकवाचांदण' उघडून बघा. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांच्या निधनाच्या पोस्ट खूप जणांनी शेअर केल्या. पुस्तकं किती जणांनी उघडली?

वाचलं की हात आवरतो

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मे संपता संपता राजमाचीला, भंडारदऱ्याला काजवे बघायला झुंबड उडते. गाड्यांचे हेडलाइट, मोबाइलचे टॉर्च, कुणी बाटलीत काजवे भरतंय. पण ते लुकलुकणं म्हणजे काजव्याने जोडीदाराला घातलेली साद असते, हे एकदा कळलं, की आपला टॉर्च आपोआप बंद होतो. आपल्या उजेडात ती साद हरवते आणि पुढच्या वर्षीचे काजवे कमी होतात, हे समजायला वनखात्याचा बोर्ड लागत नाही.

कारवीचंही तसंच. सात-आठ वर्षं ही झुडपं नुसती पानांवर जगतात आणि मग एका वर्षी अख्खा उतार जांभळा करून, बिया टाकून मरून जातात. हे माहीत असलेला माणूस फोटोसाठी फुलांची फांदी मोडेल? कासच्या पठारावर आज पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आहे, आधी नोंदणी करावी लागते. कारण सरळ आहे. आपण फुलांत बसून फोटो काढले.

आणि इथेच खरी काळजी आहे. दर पावसाळ्यात धबधबे, धरणं, कडे इथे प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात. दर पावसाळ्यात आपल्याच वयाच्या कुणाचा तरी पाय घसरल्याची बातमी येते. 2025 मध्ये राजगड, साल्हेर, लोहगड, शिवनेरी यांच्यासह 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले 11 आपल्या राज्यात आहेत. म्हणजे गर्दी आणखी वाढणार. ही गर्दी फक्त फोटोसाठी येणारी असेल, तर एकेक वाट बंद होत जाईल आणि त्याचा फटका नीट वागणाऱ्यांनाही बसेल. नियम हवेतच. पण 'ही जागा काय आहे' हे माहीत असलेली मुलं जितकी जास्त, तितकी पोलिसांची गरज कमी.

'पण आम्ही पुस्तकांपासून सुटायलाच जातो ना!'

हो, हा सवाल येणार हे माहीत होतं. सबमिशन, केटी, सीईटी यांतून जरा श्वास घ्यायला डोंगरावर जायचं आणि तिथेही वाचायचं? पण मी सिलॅबस वाचायला सांगत नाहीये. त्यावर परीक्षा नाही, मार्क नाहीत. आणि कुणाला काही न वाचता नुसतं पावसात भिजायचं असेल, तर तेही बिनधास्त करावं. गडावर जायला पात्रता परीक्षा ठेवा, असं कुणीच म्हणत नाही.

दुसरा सवाल, गुगल आहे की! आहेच. बसचं टायमिंग, पावसाचा अंदाज, वाटेचा नकाशा यासाठी गुगलच बघा. पण उंची आणि अंतर सांगणारी माहिती वेगळी आणि त्या डोंगरात मुक्काम केलेल्या माणसाने लिहिलेलं पुस्तक वेगळं. ते वाचताना तुम्ही त्याच्याबरोबर चालता.

तिसरा सवाल प्रामाणिक आहे. 'मराठी पुस्तकं जड जातात, वर्णनं संपतच नाहीत.' यावर माझा अंदाज असा की, बरीचशी वर्णनं जड वाटतात कारण ती वस्तू आपण पाहिलेली नसते. माची, घळ, कातळ, करवंदीची जाळी हे शब्द घरात बसून कोरडे लागतात. एकदा करवंदीच्या जाळीने हात ओरबाडला की, पुढच्या वेळी तो शब्द वाचताना हात चुरचुरतो. त्यामुळे ज्यांना वाचनाचा कंटाळा आहे, त्यांनी आधी डोंगर चढावा आणि मग पुस्तक उघडावं. उलट्या क्रमानेही हे जमतं.

सुरुवात कशी करायची?

पैसे लागत नाहीत. कॉलेजच्या लायब्ररीत ही पुस्तकं बहुतेक धूळ खात पडलेली असतात. गावातलं, वॉर्डातलं सार्वजनिक वाचनालय तर आहेच. पाच जणांच्या ग्रुपने एक पुस्तक घ्या. लोकलमध्ये, एसटीची वाट बघताना, एकेकाने दोन-दोन पानं मोठ्याने वाचा. मुक्कामाचा ट्रेक असेल तर जेवणानंतर एक प्रकरण. अंताक्षरी त्यानंतरही खेळता येते.

लांब जायला जमत नसेल तर मुंबईकरांनी बोरिवलीचं संजय गांधी उद्यान गाठावं. कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत आणि भिक्षूंनी पावसाचं पाणी साठवायला दगडात खोदलेल्या पोढ्या आजही दिसतात. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' सोबत ठेवा. त्यात एकेका मराठी महिन्यात झाडं, फुलं, आभाळ कसं बदलतं ते लिहिलंय. जो महिना चालू असेल तेवढंच प्रकरण वाचा आणि आजूबाजूला बघा. महाबळेश्वर-पाचगणीचा प्लॅन असेल तर मॅप्रोच्या पुढे भिलारला वाट वाकडी करा. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घराघरात मराठी पुस्तकं मांडलेली आहेत, बसून फुकट वाचता येतात.

वाचून झालेलं पुस्तक घरी परत आणलंच पाहिजे असंही नाही. स्वतःचं असेल तर पायथ्याच्या गावातल्या शाळेत देऊन या. जिथे आपण नेहमी रिकाम्या बाटल्या ठेवून येतो, तिथे या वेळी एक गोष्ट ठेवून येऊ.

तर या रविवारचा प्लॅन ठरवताना आधी रील नका टाकू. ग्रुपवर विचारा, 'कुठलं पुस्तक?' ठिकाण आपोआप ठरेल.