घरधनी परगावी, मांजर घरी
सदर : मुके सोबती

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतून एका भगिनींचे पत्र आले आहे. कारखान्याच्या आवारातच त्यांचे राहते घर. पुढे फौंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगवर मशीनिंग करणारी शेड, मागे चार खोल्या. तीन वर्षांपूर्वी कच्च्या मालाच्या गोदामात सापडलेले पिल्लू आता धष्टपुष्ट बोका झाले असून त्याचा सारा ओढा घरधन्याकडे आहे. हिशेबाला बसले की मांडीशी, रात्री अंथरुणाच्या पायथ्याशी. गेल्या दिवाळीत शेड बंद करून सर्व मंडळी नऊ दिवस परगावी गेली. घरी फक्त सासूबाई. त्या नऊ दिवसांत बोका रात्रभर ओरडत राहिला, दूधभाताला तोंड लावीना, पोटावरचे केस चाटून चाटून त्याने कातडी उघडी केली आणि चौथ्या दिवशी घरधन्याच्या गादीवर लघवी केली. आता माघात सहकुटुंब शिखरजीची यात्रा ठरली आहे, बारा दिवसांची. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की त्यापूर्वी बोका कोठेतरी दूर सोडून यावा. भगिनी विचारतात, "ही खोड आहे की दुःख? आणि यात्रा व बोका यांत आम्हाला एकच निवडावे लागणार आहे का?"

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही. मात्र त्यासाठी दिवाळीच्या त्या नऊ दिवसांत नेमके काय काय बिघडले, हे शांतपणे तपासले पाहिजे.

कुत्रे माणसाचे आणि मांजर घराचे, असे आपण पूर्वापार म्हणत आलो. अर्धे खरे आहे. मांजर आपल्या हद्दीला, वासाला, ठरलेल्या वेळांना फार चिकटून असते. परंतु माणसाशी त्याची गाठ पडत नाही, हे खरे नव्हे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्य विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाली आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांजराची पिल्ले अनोळखी खोलीत दोन मिनिटे एकटी ठेवून मग पालकाला परत आत सोडण्यात आले. सुमारे ६४ टक्के पिल्ले पालक दिसताच निवांत झाली आणि अधूनमधून त्याच्याकडे येत खोली न्याहाळू लागली. लहान मूल आईच्या आधाराने जसे वावरते, तसेच हे वागणे. स्वीडनमधील २०१७ च्या एका अभ्यासात अर्ध्या तासाच्या विरहापेक्षा चार तासांच्या विरहानंतर मांजरे अधिक गुरगुरली आणि अंग ताणून अधिक वेळा स्वागतास आली. म्हणजे आपण किती वेळ नव्हतो, याची नोंद त्यांच्याकडे असते.

आता गादीचा प्रश्न. बहुतेक घरांत याला सूड समजतात. पशुवैद्य स्टेफनी श्वार्ट्झ यांनी विरहाने त्रस्त झालेल्या १३६ मांजरांच्या नोंदी २००२ मध्ये मांडल्या. त्यांत भलत्या ठिकाणी लघवी करणारी मांजरे सर्वाधिक होती आणि अशा मांजरांपैकी सुमारे पाऊणशे टक्क्यांनी त्यासाठी फक्त पालकाचे अंथरूण निवडले होते. ज्या जागी माणसाचा वास सर्वांत गडद, तेथे आपला वास मिसळावा, अशी ही धडपड असावी असे तज्ज्ञ मानतात. म्हणून परत आल्यावर बोक्याला त्या जागी नेऊन नाक घासणे वा मारणे निरर्थक आहे. त्याला एवढेच कळते, की ज्याची वाट पाहिली तोच आता भीतिदायक झाला.

तरीही एक सावधगिरी सर्वांत आधी. लघवीचे प्रत्येक दुखणे मनाचे नसते. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तणाव आणि कमी पाणी यांमुळे त्याला सूज येऊन किंवा खडे अडकून तो बंद पडू शकतो. वारंवार बसणे, कुंथणे, थेंबथेंब होणे किंवा काहीच न होणे, ओरडणे, ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नये. एकदोन दिवसांत प्राण जाऊ शकतो. न खाण्याचेही तसेच. मांजराला उपवास सोसत नाही. दोनतीन दिवस पोटात काही गेले नाही, तर, विशेषतः स्थूल मांजराच्या, यकृतात चरबी साठून जीवघेणा आजार होतो. पूर्ण एक दिवस अन्न घेतले नाही, की डॉक्टरांना विचारावे. तालुक्याच्या शासकीय दवाखान्यांचे मुख्य काम गायीम्हशींचे. तेव्हा मांजरे तपासणारे कोल्हापुरातील डॉक्टर प्रवासाआधीच गाठून बोका तपासून घ्यावा आणि त्यांचा क्रमांक घरात लावून ठेवावा.

आता पत्रातील एका ओळीकडे वळतो, जी लिहिताना भगिनींना फारशी महत्त्वाची वाटली नसावी. एरवी बोका पाकिटातील तयार खाद्य खातो. ते ओसरीवरच्या डब्यात असते आणि सूनबाई किंवा मुले ते घालतात. सासूबाई त्याला हात लावत नाहीत. त्यांनी नऊही दिवस, अतिशय मायेने, ताजा दूधभात केला. यात त्यांचा काडीचाही दोष नाही. आपल्या घरांतील ही खरी अडचण आहे आणि ती संकोचाने झाकण्यापेक्षा बोललेली बरी. मांजर स्वभावतः मांसाहारी आहे. टॉरिन नावाचे जे द्रव्य त्याची दृष्टी आणि हृदय शाबूत ठेवते, ते भातात नाही. दुधातही नगण्य. शिवाय मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातील साखर पचत नाही व जुलाब लागतात. तेव्हा बोका दुःखी होताच, पण तो उपाशीही होता, आणि दोन्ही एकमेकांत मिसळले. तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अहिंसाणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत बंध आणि अन्नपाननिरोध यांचा समावेश आहे. आश्रितास कोंडणे व त्याचे अन्नपाणी अडणे हे हेतू नसतानाही घडू शकते. म्हणूनच व्यवस्था आधी लावायची असते.

दिवाळीतील आणखी दोन गोष्टी पाहा. एक, फटाके. दुसरी, शेडचे बंद होणे. जन्मापासून ज्याने यंत्रांचा घरघराट ऐकला, पाळीच्या वेळा आणि कामगारांची ये-जा पाहिली, त्याच्यासाठी ती शांतता म्हणजेच मोठा बदल. म्हणजे मालक गेला, घर रिकामे झाले, आवाज थांबले, नवे धडाके सुरू झाले आणि अन्नही बदलले, हे सारे एकाच आठवड्यात. माघात फटाके नसतील आणि शेडही चालू राहील. अर्धे ओझे तेथेच उतरले. उरलेल्यासाठी पुढील व्यवस्था सुचवतो.

निघण्यापूर्वी दोन आठवडे बॅगा बाहेर काढून ठेवाव्यात. बॅग दिसली की माणसे नाहीशी होतात, हे मांजर लवकर शिकते. तीच बॅग चार दिवस कोपऱ्यात पडून राहिली, की तिचा धाक सरतो. याच काळात, यात्रेच्या दिवसांत जे कोणी खाऊ घालणार असेल, त्याच्या हातून रोजचे एक वेळचे खाणे सुरू करावे. आवारातील वॉचमनचे कुटुंब यासाठी उत्तम. प्रत्येक दिवसाचे माप वेगळ्या डबीत घालून वर वार लिहावा. मग पाकीट उघडण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि सासूबाईंनी फक्त पाणी बदलावे, जवळ बसावे, बोलावे. ही त्यांची माया बोक्याच्या खऱ्या उपयोगी पडेल. घरधन्यानेही एकदोन रात्री कोल्हापुरात नातेवाइकांकडे मुक्काम करून सराव द्यावा.

बोक्याला दुसऱ्याच्या घरी ठेवू नये. परिचित हद्द हाच त्याचा उरलेला आधार असतो. मात्र आपण घराला कुलूप लावण्याआधी जे करतो, तेच मांजराला घातक ठरते. फरशी फिनेलने पुसणे, कपाटात डांबरगोळ्या टाकणे, गोदामात उंदराचे औषध ठेवणे. मांजराचे यकृत फिनॉलसारखी द्रव्ये नीट निकामी करू शकत नाही. ओल्या फरशीवरून चालून त्याने पंजे चाटले तरी विषबाधा होते. वसाहतीत आणखी एक सवय दिसते, ती म्हणजे मांजराच्या ट्रेमध्ये फौंड्रीची टाकाऊ वाळू भरण्याची. तिच्यात कोळशाची भुकटी, राळेचे अवशेष आणि सिलिकाची बारीक धूळ असते. साधी नदीची वाळू चालेल. ट्रे दोन ठेवावेत आणि रोज साफ व्हावेत. नाहीतर गादी पुन्हा धोक्यात. तसेच घराबाहेर काढून ठेवू नये. आत-बाहेर ट्रकची वर्दळ आहे आणि महामार्ग फार दूर नाही.

घरधन्याने दोन दिवस वापरलेली, न धुतलेली बंडी किंवा चादर बोक्याच्या नेहमीच्या जागी ठेवावी. गादी मात्र गुंडाळून खोली बंद करावी. आधी डाग पडलेली जागा एन्झाइमयुक्त द्रावणाने स्वच्छ करावी. अमोनियाचे क्लीनर टाळावे, कारण त्याचा वास मांजराला लघवीसारखाच वाटू शकतो. खिडकीत बसायला उंच फळी, पुठ्ठ्याची खोकी, दोरीने हलणारे खेळणे हेही क्षुल्लक नव्हे. ब्राझीलमध्ये २०२० साली २२३ मांजरांची माहिती घेतली गेली. त्यांतील सुमारे १३ टक्क्यांत विरहाच्या त्रासाची लक्षणे आढळली आणि ज्या घरांत खेळणी नव्हती वा दुसरा प्राणी नव्हता, तेथे ती अधिक होती. म्हणून लगेच दुसरे मांजर आणू नये. अनोळखी मांजर हा नवा ताण आहे. संध्याकाळी वॉचमनच्या मुलाने दहा मिनिटे दोरी ओढली तरी पुष्कळ.

मोबाइलवरून बोक्याशी बोलावे का, असेही अनेक जण विचारतात. कॅमेरा लावून पाहण्यास हरकत नाही. हाका मात्र मारू नयेत. जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले, की मांजर मालकाच्या आवाजावरून तो कोठे असेल याचा मनात अंदाज बांधते आणि आवाज अचानक भलत्या ठिकाणाहून आला तर चकित होते. माणूस नाही आणि आवाज आहे, हे कोडे घालून त्याचे समाधान होणार नाही, आपले होईल.

आता दूर सोडून येण्याविषयी. घरात वाढलेल्या, आयते खाण्याची सवय झालेल्या बोक्याला बाजारात किंवा साखर कारखान्याच्या आवारात सोडणे म्हणजे त्याला मोकळे करणे नव्हे. तेथील हद्दी आधीच दुसऱ्या बोक्यांच्या असतात. तो मारही खातो आणि उपाशीही राहतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार भूक वा तहान यांनी हाल होतील अशा स्थितीत पाळीव प्राणी सकारण नसताना सोडून देणे हा गुन्हा आहे. पण कायद्याआधीही एक हिशेब असतो. आपली माणसे पेढीवर जुन्या उधारीचीही नोंद ठेवतात. तीन वर्षे ज्याला दारी ठेवून घेतले, त्याचे खाते यात्रेला निघताना एकतर्फी बंद करता येत नाही. खरोखर सांभाळणे अशक्यच असेल, तर परिचित, मांजर हवे असलेले घर शोधून, महिनाभर ये-जा ठेवून द्यावे. त्यात घाई नको.

परत आल्यावर बोका धावत येईल असे गृहीत धरू नये. काही मांजरे एकदोन दिवस पाठ फिरवून बसतात. त्याला उचलू नये, हाक मारून ओढू नये. घरधन्याने नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी हिशेबाची वही उघडून बसावे. पोटावरचे केस महिन्या-दोन महिन्यांत परत येऊ लागतात. तसे न झाल्यास किंवा चाटणे चालूच राहिल्यास डॉक्टरांकडे जावे. काही मांजरांना औषधाचीही गरज पडते आणि ते देण्यात कमीपणा नाही. माणसांसाठीची वेदनाशामके मात्र कधीही देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते.

यात्रेची तिकिटे काढताना ज्या वहीत धर्मशाळेचे आरक्षण आणि औषधांची यादी लिहिली जाईल, त्याच पानावर बोक्याच्या बारा डब्या, दोन ट्रे आणि डॉक्टरांचा क्रमांकही लिहावा, म्हणजे निघण्याच्या गडबडीत ते राहून जाणार नाही.